बाबांच्या ॲम्प्लिफायरसाठी वायर

वायरी पसरलेल्या मला बघवत नाहीत. म्हणून कोपर स्टेशनजवळच्या घरी, बाबांच्या ॲम्प्लिफायरपासून खिडकीजवळच्या स्पीकरपर्यंत, दोन लाल आणि दोन काळ्या वायरींची मी चौपदरी वेणी घातली. घट्ट, एकही पेड सैल नाही. दहा मिनिटांत ॲम्प्लिफायर तव्यासारखा तापला, आणि गाणं तर अजून लावलंही नव्हतं.

"बंद कर आधी!" बाबा ओरडले.

निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून त्यांनी तो स्वतः बांधलेला. आता त्यांचे हात थरथरतात. सोल्डरिंग दूरच, चहाचा कपही हिंदकळतो. हा जळला असता तर दुसरा होणार नव्हता. आणि कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये वीस वर्षं काढलेली मी, तोच जाळायला निघाले होते. मला माझीच लाज वाटली.

कारण बाबांनीच समजावलं. दोन वायरी जितक्या चिकटून आणि जितक्या लांब जातील, तितका त्यांच्यात विजेचा साठा होतो, म्हणजे कपॅसिटन्स वाढतो. बहुतेक ॲम्प्लिफायर ते निमूट सोसतात. बाबांचा मात्र कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी पलीकडच्या कंपनांनाही प्रतिसाद देणारा, आणि आवाजाला जराही अडथळा नको म्हणून त्यांनी आउटपुटला संरक्षणाची कॉइलही घातली नव्हती. तो मग आपला आपणच कंप पावत राहतो. आपल्याला काही ऐकू येत नाही, पण आतून तो भाजत असतो.

"साधी वायर घे गं. जाड तांब्याची, दोन तारा शेजारी-शेजारी. बाकी काही नको."

शनिवारी लॅबमधल्या मीटरवर आधी माझ्या वेणीचा कपॅसिटन्स मोजला, मग तोच मीटर पर्समध्ये घालून ठाणं गाठलं. दुकानदाराने जाडजूड, चमकणारी, विणलेली केबल पुढे केली.

"हीच घ्या मॅडम, एकदम टॉप. आवाज असला खुलतो ना!"

"कपॅसिटन्स किती हिचा?"

"अं? असं करा ना, घरातल्या कोणा जेंट्सना पाठवून द्या."

माझं डोकंच फिरलं. मीटर काढून काउंटरवर ठेवला आणि त्याच्यादेखत त्याची केबल मोजली. माझ्या वेणीच्या चौपट आकडा! मग मागच्या फळीवरचं लाल-काळ्या चपट्या वायरचं बंडल मागितलं.

"ती तर मंडपवाले नेतात, मॅडम."

"काढा."

तेवढ्याच लांबीला आकडा वेणीच्या निम्म्याहून कमी आला. दहा मीटर कापून घेतली आणि निघाले.

घरी आल्यावर बाबांनी सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे सरकवलं. आजवर त्याला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी टोकं सोलली, पीळ दिला, सोल्डर केली. तांब्याचा एकही केस बाहेर राहू दिला नाही, कारण लाल-काळी टोकं एकमेकांना भिडली तरी खेळ खलास. स्विच दाबला. बाबांनी तळहात ॲम्प्लिफायरवर ठेवला आणि अर्धा तास काढलाच नाही. कोमट, बस्स, तेवढाच.

"आता जळला तरी चालेल," ते म्हणाले. "तुला बांधता येईल."

मी टेबलाचा खण उघडून पेन्सिल काढली.

"जळणार नाही, बाबा," मी म्हटलं. "आता वही काढा आणि मला सर्किट शिकवा."

आम्ही गाणं लावायचंच विसरलो.