प्रोटोकॉल पाळला आहे असे समजून

सेवाभावी क्लबात मी शिरलो तो एका खाटेमुळे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा डोक्याकडची बाजू वर करता येईल अशी लोखंडी खाट शोधत होतो. डोंबिवलीतल्याच एका सोसायटीच्या तळमजल्यावर, एका क्लबाच्या रुग्णसाहित्य केंद्रात ती मिळाली. खोलीत चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हवा भरायच्या गाद्या दाटीवाटीने ठेवलेल्या. ज्याला गरज असेल त्याने न्यायचं, गरज संपली की आणून द्यायचं. गरज संपण्याचे दोन प्रकार असतात आणि दोन्ही प्रकारांत वस्तू पुसून ठेवावी लागते. ते पुसण्याचं काम एक निवृत्त परिचारिका करायच्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. माहेर बाळकुमचं, खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातलं. नोकरीत त्या प्रमाण मराठी शिकल्या होत्या, आणि राग आला की ती बाजूला ठेवत.

मी गेलो तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. वडलांना स्वतः कूस बदलता येते का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर खाटेबरोबर हवेची गादीही दिली. वडील गेल्यावर दोन्ही वस्तू परत द्यायला गेलो आणि सदस्यत्वाचा अर्ज भरून आलो.

त्या खोलीखेरीज क्लबातलं बाकी काही मला कधी पचलं नाही. अध्यक्षांच्या गळ्यातला पट्टा, टेबलावरची घंटा, आणि सगळ्यात वरचढ म्हणजे प्रोटोकॉल. भाषणाला उभं राहिलेल्याने व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने, नाव घेऊन आदर व्यक्त करायचा, याला आमच्यात प्रोटोकॉल म्हणतात. भागातल्या सगळ्या क्लबांचे प्रमुख असलेले प्रांतपाल, प्रांतपालांच्या सौभाग्यवती, माजी प्रांतपाल ज्येष्ठतेनुसार, नियोजित प्रांतपाल, मग त्यांचे सचिव. पहिल्याने हे केलं की पुढच्यांना एक सूट असते. 'प्रोटोकॉल पाळला आहे असे समजून' एवढं म्हणून विषयाला सुरुवात करता येते. ही सूट घेताना मी कोणाला पाहिलं नाही. नाव गाळलं म्हणून चिडणारे बरेच असतात. नाव दुसऱ्यांदा ऐकून अजून कोणी चिडलेलं नाही.

म्हणून वर्षातून एकदा होणाऱ्या प्रांतीय परिषदेला मी अकरा वर्षं गेलो नव्हतो. बाराव्या वर्षी मला सचिव केलं. शुद्धलेखन बरं असणं ही आमच्याकडे सचिवपदाची एकमेव पात्रता आहे.

त्याच वर्षी ती सोसायटी पुनर्विकासाला गेली. बिल्डरने सगळ्या बिऱ्हाडांची सोय लावली. केंद्राची खोली कोणाच्याच नावावर नव्हती, सोसायटीने चांगुलपणाने वापरायला दिलेली होती, आणि चांगुलपणाचं क्षेत्रफळ करारात धरत नाहीत. दिवाळीच्या आत खोली रिकामी करा, असं सांगण्यात आलं. आम्ही गावभर फिरलो. जो तो म्हणायचा, फार मोठं काम करताय हो तुम्ही. डोंबिवलीत कौतुकाला हवी तेवढी जागा आहे, खाटेला नाही. जागा मिळाली नाही तर सगळं सामान भंगारात देऊन केंद्र बंद करायचं, हेही एका बैठकीत दबक्या आवाजात बोलून झालं.

मग परिषदेचं परिपत्रक आलं. त्यात एक कलम होतं: जो क्लब तीस सदस्य आणेल, त्याला आपल्या प्रकल्पाविषयी बोलायला व्यासपीठावर चार मिनिटं मिळतील. परिषद ठाण्यात, माजिवड्याच्या एका सभागृहात. आयुष्यात पहिल्यांदा मला परिषदेचा काहीतरी उपयोग दिसला. साठ-सत्तर क्लबांची माणसं एका छताखाली, आणि त्यांतल्या एकाकडे तरी कुलूप लावून ठेवलेली खोली असणारच.

परिपत्रकासोबत सदस्यांना पाठवायच्या आवाहनाचा नमुनाही होता. अध्यक्षांचं प्लायवूडचं दुकान आहे. त्यांना तयार माल आवडतो.

"सर, मजकूर तयार आहे. खाली क्लबाचं नाव टाका आणि ग्रुपवर सोडा," ते मला म्हणाले.

"यात ऊर्जा हा शब्द सहा वेळा आलाय."

"मग?"

"मग लाइटचं बिल आल्यासारखं वाटतं."

अध्यक्ष हसले नाहीत. मी नमुना बाजूला ठेवला आणि स्वतः लिहिलं. ते आवाहन अजून माझ्या फोनमध्ये आहे:

'येत्या रविवारी प्रांतीय परिषद आहे. भाषणं लांबतील. दीपप्रज्वलन एका काडीत होणार नाही. तुमच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास होईल असं मला वाटत नाही. पण आपण तीस जण गेलो तर सिस्टरना चार मिनिटं मिळतील, आणि त्या केंद्रासाठी जागा मागतील. एकोणतीस गेलो तर मिळणार नाहीत. ज्यांच्या घरी केंद्राची वस्तू कधी ना कधी येऊन गेली आहे, त्यांना मी वेगळा फोन करणार नाही.'

पाचव्या मिनिटाला अध्यक्षांचा फोन. "हे आधी डिलीट करा."

"का?"

"अहो, प्रांतपालांपर्यंत जाईल हे!"

"जाऊ दे. त्यांनाही कळेल आपण कशासाठी येतोय ते."

डिलीट केलं नाही. आणि वेगळा फोन करणार नाही असं लिहूनही सगळ्यांना फोन केले, कारण माणसं लिहिलेलं वाचतात यावर माझा कधीच विश्वास नव्हता. एकाने जेवणात काय आहे ते विचारलं. एकाने, रविवार आहे हो, असं म्हटलं, जणू मी तो हिरावून घ्यायला निघालो होतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "मी चार परिषदा केल्यात. दर वेळी एक पिशवी देतात. घरात पिशव्या ठेवायला पिशवी राहिली नाही."

"पिशवी नाकारायला या. पण या."

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. "अहो, अकरा वर्षं त्या परिषदेची टवाळी केलीत, आणि आता लोकांच्या पाया पडताय?"

"टवाळी चालूच आहे. पाया पडणं जास्तीचं आहे."

शनिवारपर्यंत आकडा एकोणतीसवर येऊन अडला. आता कोणाला धरावं या विचारात यादी चार वेळा वाचली, तेव्हा लक्षात आलं की मी स्वतःला मोजलंच नव्हतं. अकरा वर्षांची सवय.

त्या संध्याकाळी केंद्राच्या खोलीत रंगीत तालीम झाली. अध्यक्षांनी सिस्टरच्या हातात प्रोटोकॉलचा कागद दिला. त्यांनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.

"एवढी मानसं वाचाची?"

"वाचायला लागतात सिस्टर. पद्धत आहे."

त्यांनी वाचली. मी घड्याळ लावलं. अडीच मिनिटं.

"मग खोलीचं कवा बोलाचं? गाडीत बसल्यावर?"

अध्यक्ष विचारात पडले आणि त्यांना तोडगा सुचला. "असं करू. तुमची ओळख मी करून देतो. त्यात प्रोटोकॉल मी उरकतो. तुम्ही एकदम विषयाला हात घाला." सगळ्यांना ते फार शहाणपणाचं वाटलं. मलाही वाटलं. अध्यक्षांचा वेळ त्या चार मिनिटांतूनच जाणार आहे, हे खोलीतल्या एकाही पदवीधराच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी बस करून आम्ही माजिवड्याला पोचलो. दीपप्रज्वलन चौथ्या काडीला झालं. साडेअकराची आमची वेळ सव्वाबाराला आली. अध्यक्ष माइकपाशी गेले, पट्टा सारखा केला आणि प्रोटोकॉल सुरू केला. माजी प्रांतपालांपर्यंत नीट आले. तिथे त्यांच्या हातून एकाचं नाव दुसऱ्याच्या आधी घेतलं गेलं. व्यासपीठावर एक भुवई वर गेली. अध्यक्षांना घाम फुटला. "क्रम चुकला, क्षमस्व," असं म्हणून त्यांनी, कोणाचाच अपमान नको म्हणून, पुन्हा प्रांतपालांपासून सुरुवात केली.

तीन मिनिटांची घंटा झाली तेव्हा ते नियोजित प्रांतपालांवर होते. त्या घंटेने इतके गडबडले की सिस्टरची ओळख करून द्यायचीच विसरले आणि खाली उतरले.

सिस्टर माइकपाशी आल्या. एक मिनिटाहून कमी उरलं होतं.

"नमस्कार. आमच्याकडे बारा खाटा आहेत. त्यातल्या नऊ आज लोकांच्या घरी आहेत, त्यावर माणसं झोपलेली आहेत. दिवाळीनंतर त्या खाटा परत आल्या तर ठेवायला..."

घंटा वाजली. माइक बंद झाला. सूत्रसंचालिका हसतमुखाने पुढे आल्या. "धन्यवाद, धन्यवाद! वेळेअभावी आपण आता..."

सिस्टरनी बंद माइककडे पाहिलं, मग तो हाताने बाजूला सारला आणि व्यासपीठाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"मना अजून बोलाचा हाय."

चाळीस खाटांच्या वॉर्डात या टोकाहून त्या टोकाला हाक मारलेला तो आवाज होता. त्याला माइक कधीच लागला नव्हता. सूत्रसंचालिका थबकल्या. आमच्या रांगेतून पिशव्यांना कंटाळलेले बँकवाले गृहस्थ उठले. "बोला सिस्टर!" मग त्यांच्या शेजारचे उठले, मग आमच्या दोन्ही रांगा उभ्या राहिल्या. मला घोषणा द्यायची सवय नाही. मी "त्यांना बोलू द्यावं" असं काहीतरी ओरडलो, बहुधा व्याकरणशुद्ध.

परिषदेला का जावं, याचं मला पटलेलं एकमेव उत्तर त्या वेळी मिळालं. एकट्या बाईचा माइक बंद करणं सोपं असतं. तीस माणसं उभी असली की सोपं राहत नाही.

"कोणाकडे बंद पडलेली खोली हाय?" सिस्टर म्हणाल्या. "तळमजला पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्यांना जिना चढता येत नाही, म्हणून तर येतात. असंल त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. व्यासपीठावरचे मान्यवर आपला चेहरा कसा ठेवायचा हे ठरवण्यासाठी प्रांतपालांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. सिस्टरनी सभागृहावरून एकदा नजर फिरवली.

"बरं. जेवताना विचार करा," असं म्हणून त्या खाली आल्या. टाळ्या तुरळक पडल्या, त्याही आमच्याच.

जेवणाच्या रांगेत एक वयस्कर डॉक्टर ताट घेऊन सिस्टरपाशी आले. त्यांचा दवाखाना होता, दोन वर्षांपूर्वी बंद केला होता. तळमजला, पाणी, वीज सगळं होतं. "पण मी हात वर केला नाही," ते म्हणाले, "कारण जागा शहाडला आहे. तुम्हाला लांब पडेल."

सिस्टरनी त्यांना ताटातली पुरी खायलाही न देता माझ्यापाशी आणलं, पत्ता लिहून घ्यायला.

पुढच्या बैठकीत आमच्या क्लबाने आपलं खरं रूप दाखवलं. शहाड आपल्या हद्दीबाहेर आहे. तिथे तिथला क्लब आहे. बोर्डावर नाव कोणाचं? डोंबिवलीच्या माणसाने वॉकरसाठी कल्याण ओलांडून जायचं? परिषदेत उभे राहिलेले दोघेतिघेही आता असंच बोलत होते. उभं राहणं एका दिवसापुरतं असतं, हे मी विसरलो होतो.

"शहाडला लोकांचे पाय मोडत नाहीत का?" सिस्टरनी विचारलं. "डोंबिवलीच्या माणसाला लांब पडलं तर मी टेम्पो करून देईन पाठवून. नावाचं तुम्ही बघा. मना पाटी पुसाला लागत नाही, खाट पुसाला लागते."

अध्यक्षांच्या हातात प्रांताकडून आलेलं पत्र होतं: आपल्या क्लबाने परिषदेत शिस्तभंग केला, त्याचा लेखी खुलासा करावा. त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं.

"सर, उत्तर लिहा."

"नमुना आहे का?"

"नाही. तुमच्या पद्धतीने लिहा. आणि शहाडचं ठराव म्हणून नोंदवा. सूचक मी." पट्टा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. दोनदा प्रोटोकॉल म्हटलेला माणूस असं काही करेल, हे माझ्या हिशेबात नव्हतं. अनुमोदक बँकवाले झाले. विरोधकांनी चहा घेतला.

खुलासा मी तिथेच लिहिला. 'प्रोटोकॉल पाळला आहे असे समजून कळवतो की, आमच्या क्लबाने परिषदेत व्यासपीठावरील सर्वांचा दोनदा आदर केला. उरलेल्या वेळेत खाटांसाठी जागा मागितली. ती मिळाली. याखेरीज खुलासा करण्याजोगे काही नाही.' त्याला उत्तर आलेलं नाही.

शनिवारी मी आणि सिस्टर शहाडला गेलो. दवाखाना पाहिला. फरशी ठीक होती, पाणी येत होतं, भिंतीवर वजन-उंचीचा जुना तक्ता अजून लटकत होता. सिस्टरनी पिशवीतून टेप काढून दरवाजा मोजला, मग पुन्हा मोजला. खाट सरळ आत जाण्यासारखी नव्हती.

"उभी करून नेता येईल," मी म्हणालो.

"दर वेळी उभी करणार कोण? तुमी?"

माझा हात आपोआप कमरेवर गेला. डॉक्टरांनी चौकटीवरून हात फिरवला. सागवानी होती, त्यांच्या वडलांनी बसवून घेतलेली. सिस्टर टेप तशीच ताणून धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी थोडा वेळ टेपेकडे पाहिलं, थोडा वेळ चौकटीकडे.

"काढू या," ते शेवटी म्हणाले. "ओळखीचा गवंडी आहे. उद्या बोलावतो."

"उद्या कनाला?" सिस्टर म्हणाल्या. "लावा फोन आताच."