आमच्या घरमालकांची निरोपाची पेटी

आमच्या घरमालकांइतका सावकाश माणूस देवाने आणखी एक घडवला असेल, तर तो अजून वाटेतच असला पाहिजे. खेडला त्यांच्या घरातली मागची खोली मी भाड्याने घेतली, त्या दिवशी सहज विचारलं होतं, "नळाला पाणी किती वाजता येतं?" ते विचारात पडले, चष्मा पुसला आणि आत निघून गेले. मला वाटलं, माणूस तुसडा आहे. पाचव्या दिवशी मी दात घासत असताना ते मागच्या दारी आले आणि म्हणाले, "सहा वाजून दहा मिनिटांनी. चार दिवस बघितलं, मग सांगतोय." तोवर मी चार दिवस शेजाऱ्यांच्या विहिरीवर आंघोळ करत होतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

वर्तमानपत्र ते रोज घ्यायचे, पण क्रमाने वाचायचे. एक अंक संपल्याखेरीज दुसऱ्याची घडी मोडायची नाही. त्यामुळे ते जगाच्या आठवडाभर मागे असत. निवडणुकीचा निकाल लागून गावात गुलाल उधळला गेला तरी हे दोन्ही कानांवर हात ठेवून अंगणातून आत जायचे. "सांगू नका मास्तर, मी अजून मागच्या मंगळवारात आहे." लग्नाचंही असंच झालं म्हणतात. दापोलीकडची मुलगी पाहून आले, पसंत पडली, घरी येऊन होकाराचं पत्र लिहायला घेतलं. अक्षर मनासारखं येईना म्हणून चार-पाच वेळा लिहिलं. पत्र पोचलं तेव्हा ती मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या वडिलांनी उत्तर म्हणून बारशाचं आमंत्रण पाठवलं आणि आमचे मालक त्या बारशाला गेले, तेही दोन दिवस उशिरा.

पण हा गबाळेपणा नव्हता. तंत्रनिकेतनात ते रेडिओ आणि तत्सम विषय शिकवायचे आणि त्यांचं हे शहाणपण तिथूनच आलेलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, जग फार घाई करतं आणि घाईत अर्ध्या गोष्टी हरवतात. निरोप उशिरा पोचला तर चालेल, हरवता कामा नये. हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते कार्यशाळेच्या दारावर खडूने लिहून ठेवलं होतं. मालकांनी ते वाचलं आणि, नेहमीप्रमाणे काही दिवसांनी, त्यातलं शुद्धलेखन दुरुस्त केलं.

त्यांची आई मंडणगड तालुक्यातल्या एका डोंगराकडेच्या गावात एकटी राहायची. खेडला यायला तयार नव्हती, कारण गाय. गाय विकायला तयार नव्हती, कारण गाय. मी त्याच गावच्या शाळेत मास्तर, रोज खेडहून जाऊन-येऊन करायचो, त्यामुळे हा वाद मी दोन्ही बाजूंनी ऐकलेला आहे. गावात फोन एकच, दुकानदाराकडे, आणि तो पावसाळा लागला की जो मरायचा तो गणपती गेल्यावर कधीतरी उठायचा. मोबाईल खेडला आले होते, पण त्यांची रेंज डोंगर चढून गावात पोचत नव्हती. यावर मालकांनी दोन वर्षं खपून पेट्या केल्या.

पेटी म्हणजे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याएवढी, वर एरियलची वीतभर काडी. एक दुकानदाराच्या फळीवर, एक गाव ते फाटा धावणाऱ्या वडापच्या जीपमध्ये, एक फाट्यावरून खेडला जाणाऱ्या दुधाच्या टेम्पोत, एक पाववाल्याच्या गाडीत आणि शेवटची मालकांच्या ओटीवर. दुकानदाराने निरोप टाइप केला की जीप दुकानापुढून जाताना तारेवाचून तो उचलायची. फाट्यावर जीप आणि टेम्पो शेजारी उभे राहिले की त्यांच्या पेट्या आपसांत बोलत. मालक मला त्यांची भाषा समजावून सांगायचे. "एक म्हणते, माझ्याजवळ हे हे आहे. दुसरी म्हणते, यातलं हे माझ्याजवळ नाही, दे. आणि दिलं तरी पहिली आपली प्रत टाकून देत नाही. खेडहून पोच येईपर्यंत जपून ठेवते." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की त्या पेट्या त्यांच्याच मुली असाव्यात आणि चांगल्या घरी पडल्या असाव्यात.

पहिला निरोप आला तेव्हा त्यांनी मला झोपेतून उठवलं. आईचा होता. "तांदूळ आहेत. गाय बरी आहे. येऊ नको." त्यानंतर आईचे सगळे निरोप 'येऊ नको'नेच संपायचे. मालक ते कागदावर उतरवून फायलीला लावायचे. एकदा नारळ पाठवल्याचा निरोप नारळांची चटणी संपल्यावर आला, तर म्हणाले, "बघा, हरवला नाही." एकदा त्यांच्या आत्याच्या आजारपणाची बातमी आणि ती बरी झाल्याची बातमी एकदमच पोचली, तेव्हा तर ते हरखून गेले. मधली काळजीच वाचली म्हणे.

या पेट्यांनी आम्हा सगळ्यांना एक खोड लावली, ती मात्र कोणाच्या लक्षात आली नाही. पूर्वी गावातून खेडला कोणीही निघालं की दहा जण आडवे यायचे. अमक्याला सांगा, तमक्याला सांगा. जीपवाला तर चालता-बोलता पोस्टमन होता, निरोप विसरू नये म्हणून स्टीअरिंगला दोऱ्या बांधायचा. पेट्या आल्या आणि त्या दोऱ्या सुटल्या. काही सांगायला गेलं की तो आरशाशेजारच्या पेटीकडे बोट दाखवायचा. "तिला सांगा. माजा डोका रिकामा र्‍हऊ दे." आम्ही हसायचो. मीही हसायचो.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी शाळा सुटल्यावर मी जीपची वाट बघत दुकानात उभा होतो. दुकानदार गूळ फोडता फोडता म्हणाला, "मास्तर, सरांच्या आयला बरा नाय वो. ताप हाय, धाप लागते. सकाळीच निरोप टाकलाय पेटीत. 'बरं वाटत नाही, येऊन जा' म्हणाली."

"येऊन जा" हे मी ऐकलं. आयुष्यभर 'येऊ नको' म्हणणाऱ्या बाईने 'येऊन जा' म्हटलं, याचा अर्थ कळण्याइतकी अक्कल मला होती. पण निरोप पेटीत होता ना. मी फक्त "बरं" म्हणालो. जीपवाला वाटेत म्हणाला, "माज्याच गाडीतून गेला सकाळी. आतापावत सरांना कळला असंल." फाट्यावर दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हातात नवाकोरा मोबाईल होता, तो त्याने आम्हा दोघांना कौतुकाने दाखवला. तो चार्ज करायला त्याने पेटीची वायर काढून ठेवली होती, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

संध्याकाळी मालक ओटीवर बॅटरी उघडून बसले होते. चेहरा शांत. मला वाटलं, निरोप मिळालाय आणि यांचं नेहमीचं चाललंय. तरी मी खडा टाकला, "गावाला कधी जाताय?" ते म्हणाले, "रविवारी जाईन म्हणतो." मला संताप आला. आई बोलावतेय आणि हा माणूस रविवारपर्यंत पोळ्या-भाजी करून आरामात निघणार! मी ताडकन खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. तो संताप मला आजही आठवतो, कारण तो मी तोंडाने बाहेर काढला असता तरी सगळं निभावलं असतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी म्हातारीला भेटायला गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, शेजारीण तिला पेज पाजत होती. फाट्यावरचे डॉक्टर सुई टोचून गेले होते आणि मंडणगडला हलवा म्हणाले होते. म्हातारी ऐकत नव्हती. "मुलगा येऊ दे, मग बघू." मला बघून म्हणाली, "निरोप पोचला त्याला?"

"पोचला, आजी."

"मग? कधी येतोय?"

मी म्हणालो, "रविवारी येतो म्हणाले."

त्या संध्याकाळी मालक कामासाठी चिपळूणला गेलेले होते, रात्री परतले तेव्हा मी झोपलो होतो. गुरुवारी मी पहिल्या गाडीने निघालो. फाट्यावर जीपशेजारी पाववाल्याची गाडी उभी होती. तो सोमवारी आणि गुरुवारीच यायचा. दोन दिवस जीपमध्ये पडून राहिलेला निरोप तिथे, माझ्या डोळ्यांदेखत, त्याच्या पेटीत गेला आणि खेडकडे निघाला. मी गावात उतरलो तर दुकान बंद होतं आणि माणसं म्हातारीच्या अंगणात जमली होती. पहाटे गेली. दुकानदाराने मला कोपऱ्यात ओढलं. "सर कसे नाय आले वो? तुमी बोललात ना त्यांच्याशी?" तेव्हा कुठे मी एकेक दिवस मागे मोजत गेलो. दोन दिवसांत हा निरोप ठाऊक असलेली चार माणसं त्यांना भेटली होती. मी, टायर घ्यायला खेडला गेलेला जीपवाला, त्याच्याकडून ऐकलेला टेम्पोवाला आणि खेडच्या बाजाराला गेलेला शेजारणीचा नवरा. त्या तिघांनी पावसाच्या गप्पा मारल्या होत्या आणि मी दार लावून घेतलं होतं.

मालक दुपारी आले. फाट्यावरून जीप भरायची वाट न बघता, सगळ्या सीटांचे पैसे देऊन. गावातल्या लोकांनी त्यांना पळताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात ग्लुकोजचा डबा. अंगणातली गर्दी बघूनही त्यांना कळलं नाही. मलाच त्यांनी विचारलं, "कशी आहे आता?"

तेराव्यानंतर त्यांनी सगळ्या पेट्या गोळा केल्या. टेम्पोवाला त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडला, तर हे त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "अरे, वायरीला दुसरं तोंड ठेवायला हवं होतं मी. पेटी आणि मोबाईल, दोन्ही लागले असते." गाय त्यांनी खेडला आणली. आता पहाटे तिची धार काढतात, तीही इतकी सावकाश की वासरू कंटाळून झोपी जातं. वर्तमानपत्र बंद केलं. कोणी काही विचारलं तर ताबडतोब उत्तर देतात. माणूस सुधारला असं लोक म्हणतात. मला ते बघवत नसे. पाण्याची वेळ सांगायला चार दिवस घेणारा तो माणूस मला परत हवा आहे.

म्हातारीला मी 'रविवार' सांगितला होता, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पुढची तीन वर्षं त्याच घरात राहिलो, त्याच गाईचं दूध प्यालो. गेल्या वर्षी माझी बदली झाली, सामान बांधून झालं, तेव्हा ओटीवर त्यांच्यासमोर बसलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "माहीत आहे मास्तर. त्या शेजारणीने तेव्हाच सांगितलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. ती पेज ठेवायला आत गेली होती, पुढचं तिने ऐकलं नाही." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "रविवार ऐकल्यावर आई काय म्हणाली?"

"म्हणाली, धावपळ करू नको म्हणावं. रविवारी तर रविवारी."

"रागावली नव्हती?"

"नाही," मी म्हणालो. "हसली."

त्यांनी मान हलवली. मग चहा टाकायला आत गेले. म्हातारी हसली नव्हती, तसं काही म्हणालीही नव्हती. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं आणि मी निघेपर्यंत परत वळवलं नव्हतं. तेवढा एक निरोप मी पोचवणार नाही.