लाईन बसली

माझ्या साडूने मला फसवलं. तेही दोन शब्दांत. तो म्हणतो, मीच उलटं ऐकलं. इतकी वर्षं लाकडाच्या बाजारात मी कानावर धंदा केला आहे. फळीवर बोट वाजवून ती ओली की सुकी हे सांगतो. माझ्या कानांना कोणी नावं ठेवू नयेत.

मी चाकणच्या कारखान्यांना लाकडी पॅलेट पुरवतो, म्हणजे ज्यांवर खोकी रचून ठेवतात ते पाट. मराठवाड्यातून आलो तेव्हा हातात करवत होती आणि तीसुद्धा दुसऱ्याची. आता मोशीत भाड्याची शेड आहे. शेजारच्या वखारवाल्याचा रिकामा गाळा मला विकत हवा होता. सहा महिने घासाघीस करून मी त्याला जेरीस आणलं होतं. बयाण्यासाठी एका कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचे शेअर जपून ठेवले होते. कंपनीचा कारखाना चाकणलाच आणि साडू तिथल्या स्टोअरमध्ये. बातमी घरातूनच मिळणार, असा माझा समज.

त्या दिवसांत मेमरी चिप मिळत नाहीत अशी आवई उठली होती. चहाच्या टपरीवर एक जण सांगे, चिपचं जहाज अडकलं. दुसरा सांगे, सगळा माल परदेशातल्या बड्या कंपन्यांनी उचलला. चिप दोघांनीही कधी पाहिलेली नव्हती. शेअर रोज थोडा थोडा घसरत होता. मी डगमगलो नाही. घाबरलेल्या माणसाकडून मी जन्मभर स्वस्तात घेत आलोय. घाबरून विकणाऱ्यांतला मी नव्हे.

मग त्याच कंपनीतून फोन आला: दोन आठवडे पॅलेट पाठवू नका, ठेवायला जागा नाही. जागा का नाही? मी ताडलं, चिपवाचून लाईनवर, म्हणजे जोडणीच्या रांगेवर, अर्धवट कॉम्प्युटर साठले असणार. लगेच साडूला फोन लावला. तो चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घरातला, आणि बोलणं अजून तसंच.

"काय चाललंय कंपनीत?"

"लाईन बसली बगा, भाऊ."

"बसली? कधी?"

"कालच. पंधरा दीस वरचं सायब हितंच ठाण मांडून व्हतं. आता ओव्हरटाइम बी न्हाई. आमी मोकळं."

"आणि चिपचं काय?"

"चिपचं मला काय ठावं न्हाई. पर लाईन बसली म्हंजी बसली."

धंदा बसतो, भिंत बसते, आवाज बसतो. यातलं काय चांगलं असतं, तुम्हीच सांगा. मी तिथल्या तिथे सगळे शेअर विकले. फोनवर शेअर विकण्यात एक मोठी खोट आहे. समोर माणूसच नसतो. भाव पटला नाही तर तरातरा उठून जायचं तरी कोणासमोरून?

मग वखारवाल्याच्या कानावर घातलं. त्याच्याकडेही तेच शेअर होते. शेजारधर्म म्हणून सांगितलं, असं मी तेव्हा म्हणालो. खरं म्हणजे तो घाबरला तर गाळ्याचा भाव आणखी खाली येईल, असं माझ्या मनात होतं. तो घाबरला, माझ्यादेखत सगळे शेअर विकून मोकळा झाला, आणि गाळ्याचा भावही थोडा उतरवला. त्या संध्याकाळी मी खुशीत होतो.

आठवडाभरात कंपनीने जाहीर केलं: चाकणला नवी लाईन सुरू झाली, चिपचा साठा पुरेसा आहे. शेअर असा उसळला की टपरीवाल्याने विचारलं, "राव, तुमच्याकडे होते ना हे?" मी अर्धा चहा टाकून निघालो, तो थेट साडूच्या दारात.

"अवो भाऊ," तो म्हणाला, "फिटर मशीन बसवतो का न्हाई? बसली म्हंजी जोडून झाली. त्या मशिनींच्या रिकाम्या पेट्यांनीच तर समदी जागा आडली व्हती. तुमी शेअर इकलं व्हय? मला इचारायचं तरी!"

"विचारलंच होतं!"

"लाईनचं इचारलं. शेअरचं कुटं इचारलं?"

घरी जेवताना बायकोने बहिणीच्या नवऱ्याची बाजू घेतली. "तो ‘लाईन उभी राहिली’ म्हणाला असता, तर बंद पडून उभी आहे असं तुम्ही समजला असता. ‘लागली’ म्हणाला असता, तर वाट लागली असं समजला असता. तुमचा जीव आधीच घाबरा झाला होता." असं बोलणाऱ्या बाईशी घासाघीस होत नाही. मी ताटावरून उठलो.

आता वखारवाल्याने उतरवलेला भाव मागे घेतलाय. गाळ्याचं नाव काढलं की म्हणतो, "आधी ही बातमी देणारा माणूस माझ्यासमोर उभा करा, मग बोलू." काल रावेतहून एक गिऱ्हाईक येऊन गाळा पाहून गेलं, टेप लावून भिंतीही मोजून गेलं. सहा महिन्यांची माझी मेहनत त्याच्या खिशात जाणार.

तेव्हा साडूने येत्या रविवारी वखारीत यावं. मी बाजूला उभा राहीन, मध्ये एक शब्द बोलणार नाही. ‘लाईन सुरू झाली’ एवढं साधं म्हणायला त्याची जीभ का वळली नाही, हे त्याने वखारवाल्याला तोंडावर सांगावं. आणि तो गाळा दुसऱ्याला गेला, तर त्याचा जबाब मला द्यावा.