टाळूवरची जट

माझे केस तेव्हा एवढे दाट होते की चौसाळ्यातल्या बायांना जुनी फणी मोडून नवी घ्यायची असली की त्या माझं डोकं विंचरायला यायच्या. वेणी सोडून आडावर वाकले तर पोहऱ्याला दोर लागत नसे. ज्यांनी हे पाहिलं ती माणसं आता हयात नाहीत, तेव्हा माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल.

या केसांमागं राबायची आत्या. ती माझ्या वडलांची, अण्णांची थोरली बहीण. तरणेपणी नवरा गेला आणि ती भावाच्या घरी आली, ती आमच्या डोक्यांची मालकीण होऊनच. तेल केसांना लावायचं नसतं, कातडीला लावायचं असतं, हा तिचा पहिला कायदा. केस म्हणजे पीक, टाळू म्हणजे रान. रान भेगाळलं तर पिकाला शिव्या देऊन काय होणार, असं ती म्हणायची. करडईचं तेल कोमट करून बोटांच्या पेरांनी जिरवायची. नख लागलं तर स्वतःच्याच हातावर चापट मारायची. मग साळिंदराच्या काट्यानं भांग पाडून पाडून सगळी कातडी न्याहाळायची. कुठं कोंडा, कुठं पुरळ, कुठं उवांनी छावणी टाकली, सगळं तिला पाठ. नहाणं शिकेकाई-रिठ्याच्या पाण्यानं, आणि केस सुकल्याशिवाय बांधायचे नाहीत. ओली वेणी घातलेली सापडले तर पोलीस पाटलानं चोराची करू नये एवढी चौकशी ती माझी करायची.

त्या साली माझी सुपारी फुटली होती. आष्टीचं घर, किराण्याचंच दुकान, आमच्यासारखेच गळ्यात लिंग बांधणारे लोक. आणि लग्नाच्या तोंडावर मला हिवताप आला.

ताप असा की कपाळावर भाकरी भाजली असती. भाजली नाही, कारण माय पीठ वाया घालवणारी बाई नव्हती. घरचा रिवाज असा, की अंगात ताप असेपर्यंत डोक्याला पाणी नाही, तेल नाही, फणी तर नाहीच. आत्याचा जीव तळमळायचा. डोक्यातली उष्णता ओढून घ्यावी म्हणून तिनं जवस भिजवलं, पाट्यावर घाईघाईनं वाटलं आणि तो बुळबुळीत लगदा माझ्या टाळूवर थापून वरून फडकं आवळलं. सुकला की त्याच्यावर दुसरा. मी बडबडत, लोळत, डोकं उशीवर घासत पडलेली. किती दिवस गेले कोण जाणे.

ताप उतरला तेव्हा फडकं सोडलं. लगद्याचा वरचा पापुद्रा फडक्याबरोबर निघून आला, आणि मायनं हातातला तांब्या सोडला.

माझ्या टाळूच्या मागं केसांचा एक गोळा झाला होता. वळलेला, करडा, कडक, मुंगसाएवढा. शेजारीण म्हणायची खारीएवढा, पण तिची नजर अधू होती. माय पदर तोंडात धरून मागं सरकली. तेवढ्यात कोणाच्या तरी तोंडून शब्द गेलाच. जट.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्याकडं बाईच्या डोक्यात जट आली म्हणजे देवीनं ती बाई मागितली. मग तिनं केस विंचरायचे नाहीत, लग्न करायचं नाही. आराधीण व्हायचं, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि दारोदार जोगवा मागत जन्म काढायचा. जट कापली तर तिच्यातून रक्त येतं. सोडवली तर घरातला कर्ता पुरुष जातो. आमचं घर महादेवाचं होतं, पण भीती आम्ही सगळ्या देवांची धरायचो, एकावर भागवत नव्हतो.

गावातली आराधीण दर मंगळवारी यायची. ती म्हातारी, कंबरेपर्यंत जट, काळ्या लाकडासारखी जड. त्या मंगळवारी तिनं माझं डोकं लांबूनच पाहिलं आणि अण्णांना सांगितलं की पुढच्या मंगळवारी जटेला हळद-कुंकू लावू, पोरीच्या हाती परडी देऊ. एकदा हळद लागली की मागं फिरता येत नाही.

अण्णा दुकानात आलेल्या कुठल्याही अंमलदाराला न भिता तराजूची वजनं दाखवायचे, पण त्या दिवशी ते मान खाली घालून हो म्हणाले. ते हो मी दाराआडून ऐकलं. मी जोत्यावरच बसले, आणि पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. फक्त एवढं आठवतं, की मी झोपेत सुद्धा डोक्याला हात लावत नव्हते. ते मुंगूस जागं होईल असं वाटायचं. माझ्या बरोबरीच्या मुली दारातूनच डोकावायच्या. मायनं माझं ताट वेगळं केलं नाही, पण वाढताना तिचे हात जोडले जायचे. आपली माय आपल्याला नमस्कार करते यासारखी भीती दुसरी नाही.

आत्या मात्र गप्प होती. तिचं गप्प असणं म्हणजे गावातले सगळे कुत्रे एकदम गप्प होण्यासारखं.

सोमवारी अण्णा दुकानात होते, माय देवळात बेल वाहायला गेली होती. भर दुपार. आत्यानं माझं मनगट धरलं आणि मला गोठ्यात नेलं. तिथं चुलखंडावर पाण्याचा हंडा ठेवलेला, शेजारी वाटीत कोमट तेल आणि तो साळिंदराचा काटा. मी काय ते समजले आणि दाराकडं मागं सरकले.

"आत्या, अण्णा मरतील," मी म्हणाले.

"माजा भाऊ हाय त्यो," आत्या म्हणाली. "मला भ्या न्हाई वाटत व्हय? बस खाली."

ती माझ्यामागं बसली. तिच्या गुडघ्यांमध्ये माझे खांदे होते, आणि कोण जास्त कापतंय ते मला कळेना. म्हैस सुद्धा रवंथ थांबवून आमच्याकडं बघत होती. आधी तिनं जटेभोवतीच्या कातडीत तेल जिरवलं. मग गोळ्याच्या मुळाशी थेंब थेंब सोडलं. मग काट्याचं टोक आत घातलं आणि एकेक केस ओढायला लागली. उसवावं तसं. एक केस सुटला की ती थांबून दुकानाच्या दिशेला कान द्यायची. अण्णांचा गिऱ्हाईकावर ओरडल्याचा आवाज आला की पुढचा केस. अण्णा त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त का ओरडत नव्हते, याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा राग आला.

आणि मग काटा घसरला. डोक्यात कळ आली. आत्याचा हात थांबला. मी मान वळवली, तर काट्याच्या टोकाला रक्त होतं.

मी ओरडले नाही. ओरडायला छातीत हवा लागते, ती नव्हती. आत्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. दुकानाकडून काहीच आवाज येत नव्हता. ती शांतता मी आजपर्यंत विसरले नाही. तेवढ्या वेळात हंड्यातलं पाणी आटून विहीर पण आटली असती. मग दुरून अण्णा खोकले.

आत्यानं कपाळावरचं भस्म अंगठ्यानं पुसून माझ्या जखमेवर दाबलं. "रगत डोक्याचं हाय," ती हळूच म्हणाली, "केसाचं न्हाई." हे ती मला सांगत होती की स्वतःला, कोणास ठाऊक. मग ती उठली, तिनं हंड्यातलं कोमट पाणी शिकेकाईत घोळलं आणि माझ्या डोक्यावर ओतलं.

देवीची म्हणवणारी ती जट पाण्यानं मऊ झाली. बुळबुळीत होऊन तिच्या बोटांमधून निसटायला लागली. आत्या चोळत राहिली, ओतत राहिली, आणि एकदम थबकली. तिनं तळहात माझ्यापुढं धरला. त्यात जवसाचे दाणे होते. पाट्यावर घाईत न वाटले गेलेले, अख्खे. एकाला मोड आला होता. मी नंतर सगळ्यांना सांगत आले की दोन हिरवी पानं होती आणि वर निळं फूल यायचं तेवढं राहिलं होतं. फुलाचं सोडून द्या, मोड मात्र खरा होता.

आत्या खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. "म्याच लावलं हुतं," एवढंच म्हणाली.

पण खरी भीती पुढं होती. जट सोडवली हे गावाला कळलं, तर चौसाळ्यात कोणाचं मांजर मेलं तरी खापर आमच्यावर फुटणार. मायला आणि अण्णांना आत्यानं सांगितलं की देवीनं आपणहून सोडलं. मायनं विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं ते मी कधी विचारलं नाही.

मंगळवारी आराधीण हळदीची पुडी घेऊन आली. अण्णा, माय सगळे ओसरीवर. मी पाटावर. म्हातारी माझ्यामागं बसली आणि तिची खरबरीत बोटं माझ्या टाळूवरून फिरली. जखमेवर आली. तिथंच थांबली. तिनं वाकून माझं डोकं हुंगलं. शिकेकाई आणि करडईचा वास काही लपत नाही. मला वाटलं, आता ही उठून सांगणार आणि अण्णा इथंच कोसळणार.

तिनं आत्याला जवळ बोलावलं. दोघींची तोंडं माझ्या कानापाशी होती, म्हणून मलाच ऐकू आलं.

"कोणी सोडीवली?"

"मी," आत्या म्हणाली. तिनं खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं.

म्हातारीनं स्वतःच्या जटेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "माज्या येळंला ताप उतरला, तवा माज्या मागं कुणीच बसलं न्हाई."

"मग आता बसते की मी," आत्या म्हणाली.

"आता सोडवून मी जाऊ कुटं, बाई?"

मग ती उभी राहिली आणि ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की देवी राजी हाय, पोरगी सासरी जाऊ द्या. हळदीची पुडी तिनं उंबऱ्यावर ठेवली, परडीत ज्वारी घेतली आणि गेली.

आष्टीला जाईपर्यंत माझी भीती काही गेली नाही. अण्णांना ठसका लागला तरी मी भिंत धरायचे. त्या साली आमच्या घरात फक्त म्हैस गेली, ती म्हातारी होती, पण आत्यानं आणि मी त्या दिवशी एकमेकींकडं पाहिलं नाही.

दर मंगळवारी आत्या उंबऱ्यावर ज्वारीबरोबर कोमट तेलाची वाटी ठेवू लागली. आराधीण पायरीवर बसायची आणि जटेच्या मुळाशी, कातडी दिसेल तिथं, दोन बोटांनी तेल जिरवायची. नख न लावता. मी दाराआड उभी राहून, दोन्ही हात डोक्यावर धरून, ती जाईपर्यंत बघत असे.