सात उतारांची घळ

ट्रॅव्हल ऑफिसात तिला सगळे नकाशाताई म्हणत. बावीस वर्षं खिडकीजवळच्या त्याच टेबलावर बसून तिने लोकांच्या सहली आखल्या. चहाला कुठे थांबायचं, कुठल्या वळणावर फोटो चांगला येतो, टाकी कुठे भरून घ्यायचीच, हे ती न बघता सांगे. खरोखरच न बघता; कारण त्यातली एकही जागा तिने स्वतः पाहिली नव्हती. "स्वयंपाकीणच उपाशी," असं तिचा नवरा म्हणायचा.

सगळ्यात जास्त मागणी लाल घळीच्या रस्त्याला. वाळवंट ओलांडलं की दोन उभ्या कातळांच्या मधून चाळीस किलोमीटर चढत जाणारा रस्ता. तळाची नदी वर्षभर कोरडी, आणि रस्ता तिच्या पात्रातून सात वेळा पलीकडे जातो. पूल एकही नाही, नुसते उतार; गाडी पात्रात उतरवून पलीकडे काढायची. घळीच्या वरच्या तोंडाशी एक पेट्रोल पंप. तिथल्या म्हाताऱ्या पंपवाल्याला फोन केल्याशिवाय नकाशाताई कोणाला त्या रस्त्यावर पाठवत नसे.

"काका, रस्ता कसा आहे?"

"जाऊ दे," नाहीतर "थांबव." एवढंच उत्तर. एकदा भर उन्हाळ्यात त्याने थांबव म्हटलं तेव्हा तिने विचारलं, "अहो काका, तिथे आकाशात ढगाचा ठिपकाही नाही ना?"

"इथलं आकाश बघून काय करतेस बाई? पाऊस तिकडे डोंगरात पडतो. इथे फक्त पाणी येतं."

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. निवृत्त झाला त्या आठवड्यात त्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. "आता आपली सहल. बास झाली लोकांची." बरोबर त्याची थोरली बहीण येणार होती. वन्संचे गुडघे दुखरे, जीभ मात्र ठणठणीत. त्यांनी चार उशा, औषधांचा डबा आणि तीन छत्र्या काढून ठेवल्या. "वाळवंटात छत्र्या?" भावाने विचारलं. "सावलीला रे, दीडशहाण्या," वन्सं म्हणाल्या.

तिघं रोज संध्याकाळी नकाशावर वाकत. पहिला मुक्काम घळीच्या खालच्या तोंडाशी लॉजवर. दुसऱ्या दिवशी सकाळी घळ. सगळं जमून आलं होतं. निघायला चार दिवस उरले तेव्हा नकाशाताईने पंपावर फोन लावला. घंटा वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एक तरतरीत आवाज आला.

"काका? त्यांना मुलीकडे नेलं. आता पंप मी बघतो."

"रस्ता कसा आहे?"

"एक नंबर! कडक ऊन आहे. या बिनधास्त."

"डोंगरात काय आहे, वरच्या अंगाला?"

पलीकडचा माणूस हसला. "वर कशाला बघायचं ताई? रस्ता तर खाली आहे."

तिने फोन ठेवला तेव्हा मनात पाल चुकचुकली. नवऱ्याला सांगितलं तर तो वैतागला. "अगं, बावीस वर्षं एका म्हाताऱ्याच्या शब्दावर चाललीस. तो नाही म्हणून काय जग थांबायचं? शंकासुर झालीस नुसती." शंकेला पुरावा नव्हता.

लॉजवर सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलावर एक नवं जोडपं होतं. मुलीच्या हातातला कागद नकाशाताईने लांबूनच ओळखला. तो तिनेच आखलेला होता; ती रजेवर असताना ऑफिसातून कोणीतरी दिला असणार. तळाशी तिचीच ओळ: पंपावर फोन करूनच निघणे.

"केला का फोन?" तिने विचारलं.

"हो! एक नंबर म्हणाले," मुलगी म्हणाली आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

नकाशाताईच्या तोंडाशी शब्द आले होते. लॉजची मालकीण कॉफी ओतत होती, नवरा डोळ्यांनी दटावत होता, आणि बाहेर आकाश काचेसारखं लखलखत होतं. तिने शब्द गिळले. जोडप्याची पांढरी गाडी दहा मिनिटं आधी निघाली.

घळ नकाशाहून अरुंद होती. भिंतींच्या मधून वर पाहिलं तर निळी पट्टी तेवढी दिसे. पहिला उतार कोरडा. दुसराही कोरडा. तिसऱ्याशी येताच नकाशाताई म्हणाली, "अहो, गाडी उभी करा."

पात्रातली वाळू काळपट झाली होती. काड्या आणि फेस पुढे ढकलत पाण्याची एक बारीक धार सरपटत येत होती, बोटभर रुंद. वरून येणारा वारा गार होता.

"बोटभर पाण्याला काय भ्यायचं?" नवरा म्हणाला.

"इतक्या उन्हात ते आलं कुठून?"

तीस वर्षं भिंगातून बारीक पाहणारा माणूस ती धार पाहत राहिला. बघता बघता ती हातभर झाली. मागे फिरावं तर दोन उतार ओलांडायचे. "वर चढा," नकाशाताई ओरडली. "गाडी राहू दे!"

वन्सं गुडघे विसरून शेळीसारख्या कातळ चढल्या. तिघं कपारीत पोचली तेव्हा आवाज आला, हजार जाती एकदम दगड दळत असल्यासारखा. मग घळ भरून तांबडं पाणी आलं. गाडी एकदा गोल फिरली आणि गेली. वन्संनी भावजयीचा हात जो धरला तो सात तास सोडला नाही.

पांढऱ्या गाडीतला तरुण त्या संध्याकाळी एका खडकाला धरून जिवंत सापडला. त्याची बायको दुसऱ्या दिवशी सापडली, बरीच खाली.

दीड महिन्याने तो ऑफिसात आला. हाताला अजून प्लास्टर होतं. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तुम्ही तिसऱ्या उतारावर थांबलात म्हणे. तुम्हाला आधीच शंका होती का?"

"होती," ती म्हणाली.

"मग नाश्त्याच्या वेळी का नाही बोललात?"

खोटं बोलण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. "तुम्ही हसाल असं वाटलं."

"हसलोच असतो," तो म्हणाला. "दोघंही हसलो असतो." आणि उठून गेला.

रस्ता चार महिन्यांत दुरुस्त झाला. नकाशाताईने ती सहल बंद करा म्हटलं, तेव्हा मालक म्हणाला, "आपण नाही पाठवलं तर लोक दुसरीकडून जातील." त्याने ते काम पलीकडच्या टेबलाला दिलं. आता त्या सहलीचा कागद गेला की नकाशाताई गिऱ्हाइकाचा नंबर टिपून घेते आणि घरी गेल्यावर स्वतः फोन करते. पंपावरचा आवाज, बोटभर धार, खाली सापडलेली मुलगी, सगळं सांगते. काही जण ऐकतात. बरेचसे "बघू" म्हणून फोन ठेवतात.