मोहाच्या झाडावर घातलेला आळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. तुम्हाला सांगायला बसलो आहे, पण सरळ सांगता येईल का, ठाऊक नाही. मधे अडखळलो तर अडखळू द्या.

नागपूरकडच्या शहापूरच्या आतल्या अंगाला आमचं गाव आहे. पूर्वी माझं केबल टीव्हीचं काम होतं. ते बसलं, तेव्हा घराच्या गच्चीवर लोखंडी टॉवर उभा केला आणि गावाला बिनतारी इंटरनेट द्यायला लागलो. टॉवरवर एक रेडिओ, म्हणजे सिग्नल पाठवणारं यंत्र, आणि चाळीसेक घरांच्या भिंतींवर, छपरांवर छोट्या डिशा. लोक मला ‘टॉवरवाले भाऊ’ म्हणू लागले. मला ते आवडायचं — हेही सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्याला तेच कारणीभूत आहे.

आता थोडं कामातलं सांगावं लागेल. तो रेडिओ एका वेळी एकाच घराशी बोलतो. इतक्या झपाट्यानं पाळ्या बदलतो, की प्रत्येकाला वाटतं तो आपल्याशीच बोलतो आहे. पण एखादं घर लांब असलं, तिथला सिग्नल अशक्त असला, की तेवढंच बोलायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. आणि तोवर बाकीची घरं थांबून राहतात. एक घर सगळ्यांना मागे खेचतं.

हे मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. माझे वडील गावच्या तलावाचं पाणी वाटायचे. धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे शेवटच्या खाचरापर्यंत, पाणी पोचायला वेळ लागतो, म्हणून त्यांचा नियम होता — शेवटच्या बांधीला आधी. वरचे शेतकरी तलावाच्या पाळीवर, बांधावर उभे राहून तोंडाला येईल ते बोलायचे. वडील ऐकून घ्यायचे आणि पाणी खालीच सोडायचे.

मी त्यांचा मुलगा. मी काय केलं?

माझी शेवटची बांधी म्हणजे सदाशिवदादाचं घर. गावापासून सुटं, तलावाच्या पलीकडे, शेताला लागून. दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, मला लहानपणापासून ‘बापू’ म्हणतात. त्यांची मुलगी प्रणाली गणितात एम.एस्सी. झालेली. एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीनं तिला तीन महिने अजमावून बघायला घेतलं होतं — रोज संध्याकाळी सहा ते आठ, घरूनच वर्ग. वर्ग नीट झाले तर नोकरी कायम. एवढं एकच तिचं त्या दिवसांत चाललं होतं. डिश मीच बसवून दिली. घाईत होतो, उंच पाइप लावायचा सोडून भिंतीवरच ठोकली. सिग्नल अशक्त येणार हे तेव्हाच दिसत होतं.

आणि सहा ते आठ हीच गावाचीही वेळ. जवाहरनगरच्या फॅक्टरीची बस येते, वरठीच्या प्लांटमधली पोरं मोटरसायकलींवर परत येतात, हातपाय धुतले की सगळे फोन घेऊन बसतात. प्रणालीचे वर्ग सुरू झाले आणि सगळ्यांचंच नेट रखडू लागलं. पानठेल्यावर मला बघितलं की सुरू — ‘का जी भाऊ, नेट हाय का बैलगाडी हाय?’ ‘बैलगाडी तरी पोचते बाप्पा!’ मी हसायचो. घरी येऊन जेवण जायचं नाही.

उपाय माहीत होता. टॉवरवर दादाच्या दिशेला दुसरा रेडिओ लावायचा, त्यांची डिश उंच करायची. रेडिओ माझ्या कपाटात खोक्यात पडून होता. पण तो लावायचा म्हणजे दिवसभर गावाचं नेट बंद ठेवावं लागलं असतं, असं मला वाटत होतं. चाळीस घरांचं ऐकून घ्यावं लागलं असतं. मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि दादाच्या घराला मिळणारा वेळ कापला. थोडा नाही, चांगलाच कापला. एक आकडा खोडून दुसरा लिहिला, बस्स.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मला चहा पाजला. ‘काय जादू केली भाऊ?’ मी म्हटलं, सेटिंग सुधारली. ते खोटं नव्हतं म्हणा. एकोणचाळीस घरांचं सुधारलंच होतं.

चार दिवसांनी प्रणाली आली. दारातच उभी राहिली, चप्पलही काढली नाही. ‘काका, आमच्याच घरी काहून असं होऊन राहिलं? मी फळ्यावर लिहिते अन् पोरांना दिसतच नाही. कंपनीनं ताकीद दिली मले.’

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तिथेच, त्या दारात. आकडा परत बदलायला मला किती वेळ लागला असता? पण मी तिच्यासोबत तिच्या घरी गेलो, अंगणात उभा राहिलो, डोळ्यांवर हात धरून टॉवरकडे पाहिल्यासारखं केलं — आणि बोट दाखवलं. अंगणाच्या कडेच्या मोहाच्या झाडाकडे.

‘ते आडवं येतं,’ मी म्हटलं.

ते आडवं येत नव्हतं. माझ्या गच्चीवरून त्यांची डिश स्वच्छ दिसते. झाड एका बाजूला होतं, चांगलं दहा-बारा हात. पण डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल गावात माझाच शब्द शेवटचा. टॉवरवाल्या भाऊंनी सांगितलं, मग कोण मोजून बघणार?

आमच्याकडे मोह कोणी सहज तोडत नाही. उन्हाळा लागायच्या सुमारास दादांच्या घरचे सगळे पहाटे टोपल्या घेऊन त्या झाडाखाली फुलं वेचायचे. मला वाटलं, तोडणार नाहीत. झाडावर ढकललं की विषय मिटेल. हा माझा हिशेब होता, आणि तो हिशेब करताना मला लाज वाटली नाही — हे सांगताना वाटते आहे.

तिसऱ्या दिवशी दादा आले. बसले नाहीत. म्हणाले, ‘बापू, तुले पक्कं मालूम हाय न? झाडच हाय न ते?’

कोणीतरी तुम्हाला खरं बोलायची संधी अशी हातात आणून देतं कधी? मला दिली होती. त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता. नुसतं विचारणं होतं.

‘हो दादा,’ मी म्हटलं. ‘झाडच आहे.’

दुसऱ्याच दिवशी त्यांनी झाड तोडायला घेतलं. ते पडायला दुपार झाली. आवाज माझ्या गच्चीपर्यंत आला. मी खाली उतरलो आणि आकडा पुन्हा वाढवला — माझं खोटं खरं ठरावं म्हणून. पाच मिनिटांत प्रणालीचा फोन. ‘काका, आलं! एकदम क्लिअर! बाबा म्हणून राहिले, बापूची नजर लय तेज हाय.’ ती हसत होती. मीही हसलो. खरंच हसलो हो.

मग तिनं सांगितलं, येत्या शुक्रवारी कंपनीच्या बाई तिच्या वर्गात बसणार आहेत. तो वर्ग नीट झाला की नोकरी पक्की.

चार संध्याकाळी मी तिचा वेळ मोकळा ठेवला. गाव पुन्हा रखडलं, पुन्हा टोमणे सुरू. आणि शुक्रवारी क्रिकेटचा सामना होता. शेवटची षटकं, चाळीस घरं बघत बसलेली. फॅक्टरीतले एक गृहस्थ थेट माझ्या दारात येऊन ओरडले, ‘अहो भाऊ, आज तरी इज्जत ठेवा!’ त्यांच्या मागे आणखी दोघे उभे.

मी आत गेलो. म्हटलं, वीस मिनिटं. सामना संपेपर्यंत.

त्या दिवशी शुक्रवार आहे हे मी विसरलो होतो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. आज सांगतो — विसरलो नव्हतो. आकडा बदलताना माझ्या डोळ्यांसमोर ती फळ्यापुढे उभी होती. तरी बदलला. बाहेर तिघं उभे होते आणि ती तलावापलीकडे होती, एवढाच फरक.

फोन वाजला. प्रणालीचं नाव. मी फोन उलटा ठेवला. तो थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. बाहेर पानठेल्याकडून आरडाओरडा ऐकू आला, सामना जिंकलो होतो. मी आकडा परत जागेवर आणला. सात वाजायला आले होते.

नोकरी गेली. ती काही दिवसांनी नागपूरला गेली. तिथे एका शिकवणीच्या वर्गात काम करते, भाड्याच्या खोलीत राहते, दोन-तीन महिन्यांनी एकदा येते. मला भेटली की ‘काका’ म्हणून नमस्कार करते. मला काहीही विचारत नाही.

पुढच्याच महिन्यात मी तो दुसरा रेडिओ लावला. अर्धा दिवस लागला. गावातलं कोणी एक शब्द बोललं नाही.

दिवाळीनंतर दादा बैलबंडी घेऊन माझ्या दारी आले. फोडलेल्या लाकडांनी भरलेली. ‘मोहाचं हाय, पक्कं जळते,’ म्हणाले. मी नको नको म्हटलं तर रागावले. ‘घे न बे! तू तं बरोबर सांगतलं होतं बापू. आमालेच तोडाले उशीर झाला. आधी तोडलं असतं तं पोरीचं जमलं असतं.’

मी त्यांच्यासोबत लाकडं उतरवली. परसात भिंतीशी रचली. बायकोनं त्यांना चहा केला, त्यांनी तो बशीत ओतून प्यायला आणि रिकामी बंडी घेऊन गेले.

ती सगळी थंडी आमच्या घरी त्याच लाकडांवर पाणी तापलं. मी रोज सकाळी त्या पाण्यानं आंघोळ केली.