वास आला, असं मी म्हणाले

माझा वास गेला त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. चार दिवस ताप होता, मग थोडा खोकला. दोन्ही बरे झाले आणि जाताना माझं नाक घेऊन गेले. सुरुवातीला मला कळलंच नाही. रत्नागिरीत एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमची खानावळ, सहा टेबलांची. तापातून उठल्यावर पहिल्याच दिवशी मी वाटपासाठी खोबरं भाजायला घेतलं आणि नुसती भाजतच राहिले. खोबरं झालं की नाही हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. त्या दिवशी नाकाने काही सांगितलंच नाही. हाताखालची बाई मागून ओरडली, "काकी, करपलं की ओ!" तेव्हा मी कढईत पाहिलं. खोबरं काळं पडलं होतं.

लोकांना वाटतं, वास गेला म्हणजे अत्तर कळत नाही, एवढंच. तसं नाही. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू आणि तिखटाचा चटका, इतकंच कळतं. बाकीचं सगळं जेवण नाकात असतं. सुरमई आणि बटाटा यांत मला मऊपणाचाच काय तो फरक राहिला. माझं माहेर दाभोळचं, मासळीच्या धंद्यातलं. बाप बंदरावर टोपलीसमोर उकिडवा बसायचा, माशाचा कल्ला उचलून मला म्हणायचा, "रंगावर जाव नको, रंगानं फसवता येता. हुंगून बघ." मी आठ वर्षांची असल्यापासून हुंगून मासे घेत आले. आता बाजारात कोळणी मला हाका मारायच्या आणि मी दुसरीकडे बघत पुढे जायची.

डॉक्टरांनी चार लहान बाटल्या दिल्या. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास मनात आठवायचा. आठ महिने केलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "येईल तर येईल." त्याच्या आधीच मी खानावळीचं शटर ओढलं होतं. दुसऱ्याच्या जिभेवर विसंबून स्वयंपाक करणं मला जमेना. कामवाल्या बाईला चव घ्यायला लावायची, ती म्हणायची "बरं झालंय", आणि मला तिच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागायचं की ती खरं बोलतेय का.

मुलगी ठाण्याला असते, एकुलती एक. तिने माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. दर रविवारी फोन, "आई, आज काही वास आला का?" त्या मार्चमध्ये ती चार दिवसांसाठी आली आणि म्हणाली, "आई, आपण वाईन टूरला जायचं."

हे पेपर वाचत होते. एसटीतून रिटायर झाल्यापासून पेपर दोनदा वाचतात. म्हणाले, "आयशीला दारू पाजायला नेतेस?"

"बाबा, दारू नाही. लांज्याकडे एक वाईनरी आहे. काजूच्या बोंडांची, जांभळाची, करवंदाची करतात. आठच माणसं नेतात, दिवसभर. आणि तिथे वास कसा घ्यायचा ते शिकवतात. नाक तयार करतात लोकांचं. कुणी सांगावं?"

कुणी सांगावं, या दोन शब्दांसाठी मी हो म्हणाले. एवढं करून काही झालं नाही, तर आता मी आशा सोडली आहे हे तिला स्वच्छ सांगायचं, असंही मी ठरवलं होतं.

गाडी सकाळी आठला निघाली. आम्ही दोघी, पुण्याची दोन जोडपी आणि कोल्हापूरचे दोघे मित्र. माहिती सांगायला एक तिशीतली बाई होती, मूळची लांज्याचीच, शेतीचं शिकलेली आणि आता त्या वाईनरीतच नोकरीला. बोलायला मोकळी होती. पुण्याच्या एकाने विचारलं, "द्राक्षं कुठायत तुमच्याकडे?" ती म्हणाली, "आमच्याकडे द्राक्ष कुजतं हो, एवढ्या पावसात. आमचं द्राक्ष म्हणजे बोंड."

हायवेला रुंदीकरणात डोंगर कापलाय तिथे तिने गाडी थांबवली. वर तांबडा जांभा, खाली काळा दगड. मी आयुष्यभर हा कातळ पायाखाली तुडवलाय, पण त्याच्याकडे कधी थांबून पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, हे सगळं ज्वालामुखीतून आलेलं आहे. लाव्हाचे थरावर थर बसले, त्याचा काळा दगड झाला, आणि वरचा दगड लाखो पावसाळ्यांत झिजून, कुजून जांभा झाला. काजू या जांभ्यातच जोमाने येतो. मग तिने जांभ्याचा एक तुकडा घेतला, त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि हातोहात फिरवला.

"अहाहा," पुण्याची बाई म्हणाली. कोल्हापूरच्या एकाने डोळे मिटले. तुकडा माझ्याकडे आला. मी नाकाशी धरला. गार होता, ओला होता, माझ्या बोटांना तांबडं लागलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली आणि तुकडा पुढे दिला. तिने माझ्या हाताची बोटं रुमालाने पुसली, लहान मुलाची पुसावी तशी.

वाईनरी म्हणजे कातळावरची एक लांब शेड होती. दाराशी बोंडांचे क्रेट रचलेले, लाल आणि पिवळी. गाडीतून उतरताच कोल्हापूरकर म्हणाले, "बाप रे, काय घमघमाट!" काजूच्या बोंडाचा वास कसा असतो ते इथे कुणाला सांगायला नको. लांबून यावा इतका उग्र, गोड, घशात बसणारा. मी क्रेटापाशी उभी राहिले आणि खोल श्वास घेतला. नुसती हवा आत गेली. तेवढ्या वासाच्या मधोमध उभं राहून काही येऊ नये, तेव्हा मला पहिल्यांदा खरं भय वाटलं. मी वाकून बोंडं बघायला लागले, दुसरं काय करणार? वरच्या क्रेटातली टणक होती. खालच्या दोन क्रेटांतली तशी नव्हती. बोंडं मऊ पडली होती, देठाशी तपकिरी डाग, एकदोनांतून रस गळून क्रेटाच्या पट्टीवर वाळला होता. दोन दिवसांपूर्वीची, मी मनात म्हटलं.

मग आतल्या टाक्या दाखवल्या, आणि एका लांब टेबलाशी बसवलं. प्रत्येकापुढे पाच ग्लास, तळाशी बोटभर वाईन. ती बाई शिकवायला लागली. ग्लास हलवायचा, नाक आत घालायचं, घाई करायची नाही. "नाव आठवलं नाही तर जागा आठवा," ती म्हणाली. "आजोळ आठवा, शाळेची पेटी आठवा. वास तिथे तुमची वाट बघत असतो."

मला सगळ्या जागा आठवत होत्या. बंदरावरचे वाळत घातलेले बोंबील, ओली जाळी, भाताच्या कणग्या, मुलगी झाली तेव्हाचं शेगडीवरचं ओव्याचं धुपन. एकेक जागा उघडून बघितली, सगळ्या रिकाम्या. करवंदाचा ग्लास झाला, जांभळाचा झाला. एकजण मिरी म्हणाला, दुसरी म्हणाली भिजलेलं लाकूड, सगळे हसत होते. मला आंबट पाणी लागत होतं, घशात थोडं गरम. तिसरा ग्लास बोंडांचा होता.

"काकी, तुम्ही गप्प आहात. हा तुम्ही सांगा," ती बाई म्हणाली. तिला माझं काही ठाऊक नव्हतं.

सगळे माझ्याकडे वळले. मुलगी माझ्या शेजारी होती, आणि तिने श्वास धरला होता. मला तो ऐकू येत होता, न सोडलेला श्वास. मी ग्लास नाकाशी नेला. काही नाही. एक घोट घेतला. जिभेवर तुरटपणा जरा उतरलेला वाटला, टणक बोंड खाताना जीभ आवळते तशी आवळली नाही. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "वास छान आहे, पण बोंडं ताजी नव्हती. काढून दोन दिवस पडली होती. मऊ बोंडाचा वास आहे हा."

ती बाई उभीच राहिली. म्हणाली, "काकी! गेल्या वर्षी या घाण्याच्या वेळी आमचा टेम्पो बंद पडला होता. दोन दिवस बोंडं तशीच पडली होती. आजही तोच टेम्पो बिघडलाय. हे चाखून आमच्या साहेबांना सोडून कुणाला कळलं नव्हतं. काय नाक आहे तुमचं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने मला मिठी मारली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. तिने सगळ्यांना सांगितलं, दोन वर्षं झाली, माझ्या आईला कसलाच वास येत नव्हता. पुण्याची बाई डोळे पुसायला लागली. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं की झालं असतं. पण मुलीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, खांदा ओला होत होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे कीव न करता बघत होतं. मी तशीच बसून राहिले. उरलेल्या दोन ग्लासांनाही काही काही म्हटलं. काय म्हटलं ते आता आठवत नाही.

परतीच्या वाटेवर गाडीतूनच तिने वडिलांना स्पीकरवर फोन लावला. "बाबा! आईला वास आला! खरंच! सगळ्यांसमोर ओळखलं तिने!"  हे म्हणाले, "काय सांगतेस!" आवाज घोगरा झाला होता. तिची संध्याकाळची गाडी होती, म्हणून ती रेल्वे स्टेशनवर उतरली. उतरताना म्हणाली, "आता खानावळ उघड, आई. प्रॉमिस कर." मी केलं.

रिक्षाने घरी आले. हे दारातच उभे होते. चहा विचारला. मी हो म्हटलं, खुर्चीत बसले, पाय पुढे केले. हे माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग आत गेले.

आठवड्यात खानावळ उघडली. ह्यांनी भिंतींना चुना दिला, हाताखालची बाई परत आली. मी डोळ्यांनी आणि घड्याळाने स्वयंपाक करत होते. खोबरं किती मिनिटं, कांदा कुठल्या रंगावर. मासे आणायला ह्यांना पाठवायची, गुडघ्याचं निमित्त सांगून. जुनी गिऱ्हाईकं आली, बरं चाललंय असं मला वाटायला लागलं. कधीकधी तर मीच विसरायची की मी खोटं बोलले आहे.

कोर्टातला एक कारकून होता, बारा वर्षं आमच्याकडे जेवणारा. तो त्या दिवशी दुपारी तीनला आला, उशिरा. एप्रिलचा उकाडा. मी त्याला सकाळी काढलेल्या नारळाच्या दुधाची सोलकढी वाढली. त्याने एक घोट घेतला आणि वाटी हळूच बाजूला सरकवली. मग कोरडा भात आमटीत कालवून खाल्ला. हात धुताना म्हणाला, "बरं होतं, वहिनी." असं तो कधी म्हणायचा नाही. तो नेहमी भात मागून घ्यायचा.

हे टेबल पुसायला गेले. वाटी उचलली, नाकाशी नेली आणि तिथून थेट मोरीत ओतली. मग पातेलंही उचलून ओतलं. हाताखालची बाई घरी गेली होती. आम्ही दोघंच.

"तुला वास येत नाय ना गो?" हे म्हणाले.

"नाय."

"त्या दिवशी पण आला नव्हता."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. पोरीचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं. मी फोन धरून तसाच उभा राहिलो, दूध उतू जाऊन पातेल्याला जळून लागलं. घरभर वास कोंदला होता. तू आलीस, बसलीस, आणि काय बोलली नाहीस."

"मग विचारलं का नाही?"

त्यांनी फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. "तू दुसऱ्या दिवशी लवकर उठलीस. डबे घासायला घेतलेस. म्हटलं, निदान उठते तरी आहे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी महिनाभर ज्यांना फसवतेय असं समजत होते, ते रोज सकाळी मासे हुंगून आणत होते, माझं वाटप मी पाठ फिरवल्यावर चाखत होते. त्या दिवशी तेवढी सोलकढी त्यांच्या हातून राहिली.

मुलीला मीच फोन केला. सांगितलं. ती आधी म्हणाली, "असं होतं, आई. येतो आणि जातो." मी म्हटलं, "आलाच नव्हता." तिने विचारलं, "मग त्या बाईंना कसं सांगितलंस?" मी म्हटलं, "बाहेर क्रेट बघितले होते. बोंडं मऊ होती."

 ती म्हणाली, "मी तिथे तुझ्या गळ्यात पडून रडले. आणि तू मला रडू दिलंस."

"होय."

"मला मीटिंग आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती अजूनही दर रविवारी फोन करते. औषधं घेतलीस का, पाणी येतंय का, बाबा कसे आहेत. दुसरं काही विचारत नाही, आणि मलाही तिच्या आवाजात काही शोधायचं धाडस होत नाही. खानावळ त्या दिवसानंतर उघडली नाही. ह्यांनी एकदा म्हटलं, मी चव बघेन, तू कर. मी म्हटलं, तुम्ही काय कायम असणार आहात?  असं बोलायला नको होतं.

अकरा ते तीन माझे हात कधी रिकामे नसायचे, तीस वर्षं. आता त्या वेळेला मी पलंगावर पडून असते. झोप लागत नाही. हे मधूनच दारातून डोकावतात, पंखा वाढवू का विचारतात. मी नको म्हणते, आणि भिंतीकडे वळते.